फवारणाऱ्याची नोंद ठेवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, बीड
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, बीड
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बीड
आणि बीड जिल्ह्यात तणनाशके विकणाऱ्या सर्व कंपन्या व कृषी सेवा केंद्रांचे चालक

विषय : तणनाशकाच्या फवारणीतून होणाऱ्या आजारांची नुकसानभरपाई आणि ती मागण्यासाठी लागणाऱ्या नोंदींबाबत.

महोदय, महोदया,

मी अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करतो. वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, पोटगी, न वटलेले चेक यांवर आमचं घर चालतं. गेल्या काही वर्षांत अधूनमधून एक वेगळाच पक्षकार येऊ लागला आहे. त्याच्या हातात कॅरीबॅगमध्ये कोंबलेले कागद असतात. त्यात आपल्या मेडिकल कॉलेजचा केस पेपर असतो, बार्शी किंवा सोलापूरचा बायोप्सीचा रिपोर्ट असतो, आणि ऊसतोडीला गेला असताना कारखान्याजवळच्या कुठल्यातरी दवाखान्यात घेतलेल्या चिठ्ठ्या असतात. गावातल्या एखाद्या पोराने त्याला मोबाइलवर बातमी दाखवलेली असते. तो विचारतो, ‘साहेब, अमेरिकेत म्हणे राऊंडअपवाल्या कंपनीनं माणसांना करोडो रुपये दिले. मी बी वीस वरीस तेच मारलं. आपलं काही होईल का?’

मग मी विचारायला लागतो. कोणतं तणनाशक? कोणाच्या शेतात? कोणत्या साली? बिल आहे का? डबा ठेवलाय का? काय फवारत होता हे डॉक्टरांनी कुठं लिहिलंय का? प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ येतं. शेवटी तो कॅरीबॅगची गाठ मारतो आणि उठतो. असा दावा कोणत्याही न्यायाधीशाने फेटाळलेला नसतो, कारण तो न्यायाधीशासमोर जातच नाही. तो का जात नाही आणि त्यात आपलं प्रत्येकाचं काम काय, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी अमेरिकेचं नीट सांगतो, कारण व्हॉट्सअॅपवर ते अर्धंच येतं. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने राऊंडअप बनवणाऱ्या मॉन्सँटो कंपनीविरुद्ध २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला. वादी शाळेच्या मैदानांची देखभाल करणारा कर्मचारी होता आणि त्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा झाला होता. पुढे वरच्या कोर्टात ती रक्कम सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरवर आली. कंपनी तोवर बायरने विकत घेतली होती. जून २०२० मध्ये बायरने हजारो दावे मिटवण्यासाठी १०.९ अब्ज डॉलरपर्यंतची तयारी दाखवली, मात्र चूक कबूल केली नाही. त्यानंतरचे अनेक खटले कंपनीने जिंकलेही. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक फवारल्याने पार्किन्सन झाला असे म्हणणाऱ्यांचे हजारो दावे २०२१ पासून इलिनॉयच्या फेडरल कोर्टात एकत्र चालवले गेले.

यातलं आपल्या कामाचं एवढंच. त्या कर्मचाऱ्याला आपण काय फवारलं हे सिद्ध करता आलं, कारण फवारणी हे त्याच्या नोकरीचं काम होतं. नोकरी कागदावर होती, औषध कागदावर होतं आणि उपचारही कागदावर होते. त्या पायावर त्याच्या वकिलांनी शास्त्रज्ञ उभे केले आणि कंपनीचे अंतर्गत ई-मेल कोर्टात आणले. पायाच नसता तर शास्त्रज्ञ कोणासाठी बोलले असते?

विज्ञानाचा वाद मी लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये राऊंडअपमधल्या ग्लायफोसेट या रसायनाला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते की तसा संभव दिसत नाही. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला आणखी १० वर्षं मुदत दिली. गावातली प्रत्येक गाठ तणनाशकाने झाली, असं म्हणणारा वकील पहिल्याच तारखेला तोंडावर आपटेल.

आणि आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट तर कंपनीच्या वकिलाच्या आयतीच हातात आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातल्या नोंदणी क्षेत्रांपैकी कर्करोगाचा सर्वांत कमी दर ‘उस्मानाबाद व बीड’ या क्षेत्राचा आहे. वयानुसार समायोजित केल्यावर तो पुरुषांत लाखामागे ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ भरतो. हे खरंच सुदैव असेल तर आनंद आहे. पण ज्या जिल्ह्यातला अर्धा गाव सहा महिने परमुलखात असतो आणि माणूस बायोप्सीपर्यंत पोचण्याआधीच घरी परततो, तिथे कमी आकड्याचा अर्थ कमी आजार की कमी निदान, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यातल्या कोणत्या रुग्णाने काय फवारलं होतं, हे तर मुळीच कळत नाही. म्हणून मी आज ‘तणनाशकामुळेच’ असा दावा करत नाही. तो करता किंवा खोडता यावा अशी व्यवस्था मागतो.

आता फवारणी कशी होते ते पाहा. पाठीवर चार्जिंगचा पंप, अंगात जुना शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पाय उघडे. औषध मोजायला डब्याचंच झाकण. बारीक गळती असली की पाठ दुपारपर्यंत ओली असते, आणि ती घामाने ओली की औषधाने, हे संध्याकाळी आग होऊ लागल्यावर कळतं. नोझल तुंबलं की काढायचं आणि तोंडाने फुंकायचं. पाणी वाहून आणायला आणि टाकीत औषध कालवायला बाई असते. हातमोजा तिलाही नसतो. तिची गणती ‘फवारणारा’ म्हणून कुणी करत नाही आणि मजुरीच्या हिशेबात ती अनेकदा नवऱ्याच्या नावात जाते. कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात, गेवराईपासून माजलगाव-परळीपर्यंत, जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही उभे राहा, हे दिसेल.

हे करणारा माणूस शौकाने करत नाही, आणि त्याला लावणारा शेतकरीही खलनायक नाही. एका एकराच्या खुरपणीला बायांची जेवढी मजुरी जाते, तिच्या कितीतरी कमी पैशांत तणनाशक येतं. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, ते याच हिशेबातून. शेतकऱ्याची गरज खरी आहे. म्हणूनच त्या गरजेवर माल विकणाऱ्याची जबाबदारी मोठी होते.

बीडचं आणखी एक वेगळेपण आहे. दिवाळीच्या आगेमागे जो ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परततो, तोच पावसाळ्यात गावात पंप घेऊन मजुरीला उभा असतो. फवारणी धारूर-वडवणीत झाली, खोकला कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या फडावर सुरू झाला, गोळ्या तिथल्या दवाखान्याच्या, तपासणी सोलापूरला आणि शेवटचा केस पेपर अंबाजोगाईला. एका माणसाचा आजार दोन राज्यांत विखुरलेला असतो, आणि कोणत्याही एका डॉक्टरला पूर्ण हकीकत माहीत नसते.

आता कायदा. तो नाही, असं कृपा करून सांगू नका.

कीटकनाशके अधिनियम १९६८ मध्ये तणनाशकंही येतात. त्याचं कलम २६ म्हणतं, की औषध वापरताना किंवा हाताळताना झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणं राज्य सरकार अधिसूचनेने बंधनकारक करू शकतं. १९७१ च्या नियमांतला १५ वा नियम प्रत्येक विक्रीला बिल मागतो. १८ वा नियम डब्यासोबत विषबाधेची लक्षणं आणि उपाय सांगणारं पत्रक मागतो, प्रादेशिक भाषेतसुद्धा. ३७ वा नियम फवारणीचं काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी मागतो आणि ३९ वा संरक्षक कपडे मागतो. हे नियम अर्ध्या शतकापूर्वीचे आहेत. बीड जिल्ह्यात ३७ व्या नियमाखाली एका तरी शेतमजुराची तपासणी झाली असेल, तर तिचा कागद मला दाखवा. मी तो फ्रेम करून माझ्या ऑफिसात लावीन.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने तर मोठं दार उघडलं. सदोष किंवा पुरेशी सूचना न देता विकलेल्या मालाने इजा झाली तर कलम ८४ खाली उत्पादक जबाबदार धरता येतो, त्याने निष्काळजीपणा केला नसला तरी. मजुराने डबा स्वतः विकत घेतलेला नसतो, मग तो ग्राहक कसा, असा प्रश्न हमखास येतो. पण विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी माल घेणाऱ्या शेतकऱ्यालाही ती व्याख्या बाहेर काढत नाही, आणि बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं आहे. दार उघडं आहे, पण उंबरठ्यावर दोन अडसर आहेत. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, आणि मालाचा गैरवापर झाला असेल तर कलम ८७ माल विकणाऱ्याला सोडतं.

हा ‘गैरवापर’ शब्द बीडमध्ये कसा चालेल, ते ग्लायफोसेटवरून सांगतो. भारतात त्याला परवानगी चहाच्या मळ्यांसाठी आणि पिकाखाली नसलेल्या जमिनीसाठी मिळालेली होती. बीड जिल्ह्यात चहाचा एकही मळा नाही. २१ ऑक्टोबर २०२२ ला केंद्राने आदेश काढला, की ते फक्त परवानाधारक कीड-नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं. उद्योगाने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. असं असताना इथल्या शेतात ते पोचलं कसं? माल विकताना कुणी विचारत नाही की बाबा, तुझा चहाचा मळा कुठंय. आजारी पडल्यावर मात्र लेबलाकडे बोट दाखवलं जातं. ज्या कंपनीला तालुकानिहाय आपला खप लिटरमध्ये पाठ असतो, तिला तो माल कुठे जातो हे ठाऊक नाही, यावर माझा विश्वास नाही.

पॅराक्वाटचं तर विचारूच नका. स्वित्झर्लंडने ते १९८९ मध्ये बंद केलं, युरोपात २००७ मध्ये न्यायालयाच्या निकालाने त्याची परवानगी गेली. त्याला उतारा नाही. पोटात गेलं तर फुप्फुस हळूहळू निकामी होतं आणि माणूस शुद्धीवर असताना श्वासाला महाग होतो. आपल्याकडे ते दुकानात मिळतं. उसात आणि मक्यात लागणारं अॅट्राझिन आणि टू-फोर-डी ही दोन्ही मे २०२० च्या केंद्राच्या २७ रसायनांच्या बंदीच्या मसुद्यात होती. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा ती त्यात नव्हती.

कामगार कायद्याचा मार्गही आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशक फवारणारा मजूर नाव घेऊन नमूद होता, आणि आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण त्या मार्गाने गेलं की दावा येतो तो मालकावर, म्हणजे तीन एकरवाल्या शेतकऱ्यावर, जो स्वतः सोसायटीच्या कर्जात आहे आणि ज्याच्याकडून मजुराने लेकीच्या लग्नाला उचल घेतली आहे. त्याच गावात राहून त्याच्यावर केस कोण करणार?

राहिली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. विषबाधेने मृत्यू आला तर तिच्यात २ लाख रुपये मिळतात. पण सातबारा लागतो, त्यामुळे भूमिहीन मजूर बाहेर. आणि अपघात लागतो, त्यामुळे दहा वर्षांत मुरत गेलेला आजार बाहेर. ज्यांच्या नावाची योजना आहे त्यांनी आयुष्यभर ज्या ऊसतोड माणसाची बाजू मांडली, तोच तिच्यातून निसटतो.

कागद असला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो रुग्णालयात भरती झाली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती, पण पंप तोच आणि मजूरही तसलाच. तिथे आरडाओरडा झाला, विशेष तपास पथक बसलं, पोलिसांनी जबाब नोंदवले. त्या सरकारी कागदांतूनच पुढे सिंजेंटा या स्विस कंपनीच्या ‘पोलो’ या औषधाशी जोडलेली ९६ प्रकरणं समोर आली. २०२० मध्ये ५१ बाधितांची तक्रार स्वित्झर्लंडमध्ये गेली आणि २०२१ मध्ये दोन विधवा आणि एका वाचलेल्या शेतकऱ्याने बाझेलमध्ये कंपनीवर दिवाणी दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे, निकाल काय लागायचा तो लागो. पण यवतमाळची बाई बाझेलच्या कोर्टात उभी राहू शकली, ती वणीच्या किंवा आर्णीच्या ठाण्यातल्या हवालदाराने काहीतरी लिहून ठेवलं म्हणून.

दुसरं उदाहरण केरळच्या कासरगोडचं. काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून फवारलेल्या एन्डोसल्फानच्या बाधितांची तिथे शिबिरं घेऊन यादी झाली. त्या यादीच्या जोरावर १० जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला आढळलं की ३,७०४ पैकी फक्त ८ जणांना पैसे मिळाले होते. यादी असूनही एवढा उशीर. मग आपल्यासारख्या यादीच नसलेल्यांनी कुठे जायचं?

बीडच्या प्रशासनाला मोजता येत नाही, असं मात्र म्हणू नका. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला. त्यानंतर ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढल्याचं समोर आलं. खाजगी दवाखान्यांना शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हंगामाआधी आणि नंतर तपासण्या सुरू झाल्या. मनावर घेतलं तेव्हा हे सगळं याच जिल्ह्यात, याच कर्मचाऱ्यांनी केलं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. यांतल्या बहुतेकांना नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

१. शल्यचिकित्सक साहेब, ऊसतोड कामगारांच्या तपासणीच्या फॉर्मवर आणि सरकारी दवाखान्यांच्या केस पेपरवर दोन ओळी वाढवा. ‘फवारणीचं काम करता का, किती वर्षं?’ आणि ‘कोणती औषधं?’ पाणी आणणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बाईलाही हे विचारा. ही नोंद रुग्णाच्या हाती द्या, म्हणजे ती त्याच्यासोबत फडावर जाईल.

२. जिल्हाधिकारी महोदय, कलम २६ ची अधिसूचना या जिल्ह्यातल्या सरकारी आणि खाजगी डॉक्टरांना लागू व्हावी, यासाठी शासनाकडे प्रस्ताव पाठवा आणि आजवर कळवलेल्या घटनांचा तालुकानिहाय तक्ता जाहीर करा.

३. कृषी अधिकारी महोदय, बिलाशिवाय तणनाशक विकणाऱ्या दुकानाचा परवाना निलंबित होतो, हे एकदा करून दाखवा. बिलावर बॅच नंबर हवा. ग्लायफोसेटच्या २०२२ च्या आदेशाची जिल्ह्यातली स्थिती काय आणि परवानाधारक व्यावसायिक किती, हे जाहीर करा. संरक्षक साहित्य औषधाच्या कपाटाशेजारीच विकायला ठेवायला लावा.

४. कंपन्यांनी जिल्ह्यातला आपला खप रसायनानुसार आणि तालुक्यानुसार दरवर्षी जाहीर करावा. पत्रकावरची अक्षरं भिंगाशिवाय वाचता येतील एवढी मोठी करावीत, आणि न वाचता येणाऱ्यासाठी चित्रं द्यावीत.

५. विधी सेवा प्राधिकरणाने ‘फवारणी-बाधित’ अशी वेगळी नोंद सुरू करावी. १९८७ च्या कायद्याने महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अमेरिकेत वकील जिंकल्यावर वाटा घेतो, म्हणून गरिबाचा खटला उभा राहतो. आम्हाला तसा वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, आणि ती असावी. पण मग गरिबाच्या तज्ज्ञ साक्षीचा आणि प्रयोगशाळेचा खर्च प्राधिकरणाने उचलायला हवा.

६. अपघात योजनेत भूमिहीन मजूर आणि निदान झालेला दीर्घ आजार यांचा समावेश व्हावा, अशी शिफारस जिल्हा नियोजन समितीने ठराव करून शासनाला पाठवावी.

दुकानदारांना एक वेगळं सांगतो, कारण त्यांतले निम्मे माझे ओळखीचे आहेत. उधारीवर माल देता, पावसात रात्री शटर उघडून देता, शेतकरी तुम्हाला मानतो. बिल फाडायला लागणारं एक मिनिट उद्या तुमच्याही कामी येईल. कलम ८६ खाली विक्रेताही जबाबदार ठरू शकतो, आणि त्या दिवशी कंपनीचा प्रतिनिधी तुमच्या बाजूला उभा राहील याची खात्री बाळगू नका.

मृग लागण्याआधी या पत्राला लेखी उत्तर यावं, अशी अपेक्षा आहे. कीटकनाशके नियम १५ आणि ३७ खाली गेल्या पाच वर्षांत केलेल्या कारवाईची माहिती मी माहिती अधिकारात वेगळी मागत आहे. उत्तर आलं नाही, किंवा नेहमीसारखं ‘माहिती निरंक’ आलं, तर तोच निरंक कागद जोडून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल करू. अर्जदार म्हणून सही करायला तयार असलेली माणसं माझ्याकडे आहेत. त्यांच्याजवळ बिल नाही, डबा नाही, पण ती अजून जिवंत आहेत आणि कोणत्या शेतात काय मारलं हे त्यांना तोंडपाठ आहे. ते लिहून घेण्याचं काम आपलं आहे, आणि ते यंदाच्या फवारणीआधी सुरू व्हायला हवं.

आपला,
एक वकील
अंबाजोगाई, जि. बीड